माणूस एक, सिनेमे दोन देशांचे

कराटेचे सिनेमे म्हणजे नुसती हाणामारी, असं म्हणणाऱ्यांसाठी ही पोस्ट. मासुतात्सु ओयामा हे नाव ऐकलंय? क्योकुशिन कराटेचे संस्थापक. या प्रकारात हूल नाही, ठोसा खराच लगवायचा. फक्त हाताने तोंडावर मारायचं नाही.

१९७५ मध्ये टोकियोत क्योकुशिनची पहिली जागतिक स्पर्धा झाली. त्याच वर्षी जपानच्या तोएई कंपनीने ओयामांवर दोन सिनेमे काढले, तिसरा १९७७ ला. हिरो सॉनी चिबा, स्वतः ओयामांचाच शिष्य. बैलाशी झुंज, अस्वलाशी झुंज, सगळं त्यात. ओयामा तेव्हा हयात होते. म्हणजे दंतकथा त्यांच्या डोळ्यांदेखत तयार होत होती!

पण या माणसाचं जन्मनाव चोई योंग-उई. जन्म १९२३ चा, जपानच्या ताब्यातल्या कोरियात. जपानी सिनेमांत हा भाग पुढे येत नाही. २००४ मध्ये दक्षिण कोरियात 'फायटर इन द विंड' आला, आणि तिथे तोच भाग कथेचा कणा झाला. जपानमध्ये हिणवला जाणारा कोरियन पोरगा जपानी उस्तादांना लोळवतो. ओयामा १९९४ लाच गेले होते; खुलासा कोण करणार?

आपल्याकडेही ऐतिहासिक सिनेमा लागला की थेटरात घोषणा होतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच इतिहास समजून व्हॉट्सॲपवर भांडणं. सिनेमा जरूर बघा, शिट्ट्याही मारा. पण बाहेर पडताना एवढं विचारा, की यात काय गाळलंय आणि ते कुणाच्या सोयीचं आहे?