मोंराशे : एका उतारावरच्या द्राक्षमळ्याचा इतिहास

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात पुलिन्यी आणि शासान्य या दोन गावांच्या शिवेवर मोंराशे हा जेमतेम 8 हेक्टरांचा द्राक्षमळा पसरलेला असून, शार्दोने या पांढऱ्या द्राक्षाची कीर्ती ज्या जमिनींनी जगभर नेली, त्यांत त्याला अग्रस्थान द्यावे लागते. तेराव्या शतकात येथील काही जमीन सिस्टर्शियन पंथाच्या मेझिएर मठाला दान मिळाली. 1879 मध्ये दोन्ही गावांनी मळ्याचे नाव स्वतःच्या नावाला जोडून घेतले, इतका त्याचा लौकिक वाढला होता. याच काळात फिलॉक्सेरा, म्हणजे वेलींची मुळे शोषून घेणारी कीड, फ्रान्सभर पसरली आणि नाशिकच्या बागाइतदारांना आज परिचित असलेल्या खुंटकलमाच्या पद्धतीने, अमेरिकी खुंटांवर वेली पुन्हा उभ्या कराव्या लागल्या.

या मळ्याच्या वाइनचे खरे रहस्य चुनखडीच्या, पाण्याचा उत्तम निचरा होणाऱ्या आणि सकाळचे ऊन घेणाऱ्या उतारात आहे. हाताने तोडलेले घड हलकेच दाबून काढलेला रस सुमारे 228 लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपांत आंबवला जातो. तळाशी बसलेल्या मृत यीस्टच्या साक्यावर वाइन महिनोन्महिने मुरते, आणि दरम्यान जिवाणू तिच्यातील तीव्र मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. 1937 मध्ये मळ्याला स्वतंत्र नामाधिकाराचे, म्हणजे उगमस्थानाच्या नावाचे, कायदेशीर संरक्षण मिळाले. मालकी मात्र अनेक कुटुंबांत विभागलेलीच राहिल्याने, एकाच नावाच्या बाटल्यांत निरनिराळ्या हातांची वाइन आढळते.