खेळाची खोली कशी घडली

अठराव्या शतकांत इंग्लंडांतील धनिकांच्या घरीं बिलियर्डचें मेज बहुधा मोठ्या दर्शनी दालनांत असे, आणि तेथें स्त्रियाही खेळत. मेज लांकडी, दमट हवेनें तें वांकडें होई. १८२६ च्या सुमारास लंडनच्या जॉन थर्स्टन यानें लांकडाऐवजीं पाटीचा दगड बसविला. पृष्ठभाग सपाट राहूं लागला, परंतु मेज विलक्षण जड झालें; त्यास भक्कम जमिनीची स्वतंत्र खोली हवी झाली. मेज १२ फूट लांब व ६ फूट रुंद. काठी चालविण्यास चोहोंकडे ६ फूट सोडले कीं खोली २४ फूट लांब व १८ फूट रुंद होई. मेजावर सावली पडूं नये म्हणून उजेड शक्यतों छपरांतून घेत. पुढें शेजारीं धूम्रपानाची खोली येऊं लागली आणि घराची ती बाजू पुरुषांचीच मानली गेली. खेळाची सोय पाहतां पाहतां घरांतील एकत्र खेळणें मात्र उणें झालें.