उभ्या मोटारीतील जागरण: बॅटरी उतरण्याचा इतिहास

१/ रात्री व्यवस्थित बंद करून ठेवलेली मोटार सकाळी सुरू होत नाही. धक्का मारल्यावर चालू होते, दोन दिवस बरी चालते आणि तिसऱ्या सकाळी पुन्हा मुकी होते. नवी बॅटरी बसवूनही हा प्रकार थांबला नाही, तर दोष अन्यत्र आहे हे उघड होते. तो कोठे शोधावा आणि कोणत्या क्रमाने शोधावा, याचे उत्तर मोटारीच्या इतिहासात सापडते. #थ्रेड #इतिहास

२/ आरंभीच्या अनेक मोटारींना ही व्याधी नव्हती. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'मध्ये ठिणगीसाठी लागणारी वीज इंजिनाच्या चाकावर बसवलेला मॅग्नेटो निर्माण करी. इंजिन हँडल फिरवून सुरू केले जाई, आणि त्या काळी मोटारींचे दिवे ॲसिटिलीन वायूवर वा रॉकेलवर जळत. गाडी थांबली की तिच्यातील वीजही थांबे. उतरायला बॅटरीच नव्हती.

३/ बॅटरी मात्र मोटारीपेक्षा जुनी होती. १८५९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते याने शिशाचे दोन पत्रे एकमेकांस न टेकता गुंडाळून सौम्य गंधकाम्लात बुडवले. वीज साठवणारी, संपल्यावर पुन्हा भरता येणारी ही पहिली बॅटरी. १८८१ मध्ये कामीय फोर याने शिशाच्या संयुगाचा लेप पत्र्यांवर देण्याची रीत काढली आणि तिची साठवणक्षमता पुष्कळ वाढली.

४/ पहिला दोष येथेच जन्मला. भरलेली बॅटरी कशालाही न जोडता नुसती ठेवली, तरी ती हळूहळू उतरे. १८८२ साली ग्लॅडस्टन आणि ट्राइब या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी त्याची मीमांसा केली. धन पत्र्यावरील शिशाचे पेरॉक्साइड आणि त्याच्याच पाठीमागचे शिसे हे दोघे आम्लात एकमेकांस टेकलेले असतात. त्यामुळे पत्र्यावरच असंख्य सूक्ष्म विद्युतघट तयार होतात आणि साठवलेली वीज जागच्या जागी खर्च होते.

५/ त्यात एका सोयीची भर पडली. शुद्ध शिसे मऊ असते. म्हणून १८८१ पासून पत्र्यांच्या जाळीत अँटिमनी मिसळू लागले. जाळी कणखर झाली, पण अँटिमनीमुळे ही अंतर्गत गळती वाढली. १९३५ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या हॅरिंग आणि थॉमस यांनी टेलिफोन केंद्रांच्या बॅटऱ्यांसाठी शिसे आणि कॅल्शियमचा मिश्रधातू अभ्यासला. त्यात ही गळती बरीच कमी होती. मोटारींत तो रुळायला १९७०चे दशक उजाडले. आजच्या 'मेंटेनन्स फ्री' बॅटरीचे हेच मूळ.

६/ बॅटरीला मोटारीत कायमचे स्थान मिळाले ते चार्ल्स केटरिंगमुळे. हँडल उलटे फिरून मनगट मोडणे ही त्या काळी नित्याची दुर्घटना होती. केटरिंगने पूर्वी दुकानांतील गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. क्षणभरच काम करायचे असेल, तर लहान मोटरलाही मोठा भार पेलतो, हे त्याने तेथे ओळखले होते. तेच तत्त्व वापरून त्याने केलेला विजेचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅक मोटारीत बसला.

७/ आता इंजिन चालू असताना डायनॅमो बॅटरी भरणार होता. परंतु डायनॅमोला वीज दिली, तर तो स्वतःच मोटर बनतो. इंजिन थांबताच बॅटरीतील वीज उलट त्याच्याकडे धावणार! यावर 'कटआउट' हा पहारेकरी नेमला गेला. डायनॅमोचा दाब बॅटरीहून वाढला की त्याचे टोक चिकटे. प्रवाह उलटला की ते सुटे.

८/ पहारेकरी झोपला की दुसरा दोष उद्भवे. ठिणग्यांनी जळालेली टोके एकमेकांस चिकटून बसत आणि उभ्या गाडीची बॅटरी डायनॅमोतून रिती होई. भारतात अँबॅसडर हाकणाऱ्या पिढीला हा कटआउट चांगलाच परिचित होता. गाडी बंद असतानाही अँपिअरमीटरचा काटा 'डिस्चार्ज'कडे झुकलेला दिसला, की जाणता मेकॅनिक प्रथम त्याच्याकडेच वळे.

९/ १९६० साली क्रायस्लर कंपनीने 'व्हॅलियंट' मोटारीत डायनॅमोऐवजी अल्टरनेटर बसवला. त्यातील सिलिकॉन डायोड विजेला एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून कटआउटची गरज संपली. परंतु एखादा डायोड बिघडला, तर तीच जुनी वाट पुन्हा उघडते. पहारेकरी बदलला, त्याच्या चुकीचे स्वरूप तेच राहिले.

१०/ तिसरा दोष सुखसोयींबरोबर आला. डिकीतील दिव्याचा स्विच अडकला, तर बंद झाकणाखाली तो रात्रभर जळतो. असा ५ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर सुमारे ०.४ अँपिअर घेतो. २४ तासांत जवळपास १० अँपिअर-तास. जुन्या मोटारींतील विजेचे घड्याळ दर काही मिनिटांनी बॅटरीकडून चावी भरून घेई. बॅटरी क्षीण झाली की त्याची टोके सुटत नसत आणि ते जळून जाई.

११/ पुढे जागरण हा गाडीचा स्थायीभावच झाला. अमेरिकेतील धूरनियंत्रणाच्या कायद्यांमुळे इंजिनावर संगणकाची देखरेख आली. १९८१ पासून जनरल मोटर्सच्या तेथील पेट्रोल मोटारींत तो जवळजवळ सर्वत्र दिसू लागला. त्याची स्मृती टिकवायला थोडी वीज सतत हवी. १९८६ मध्ये बॉश कंपनीने 'कॅन' ही संदेशवहनाची पद्धत मांडली आणि गाडीतील अनेक संगणक एकमेकांशी बोलू लागले. गाडी बंद झाल्यावर ते एकेक करून झोपतात. एकाला झोप लागली नाही, तर तो इतरांनाही जागवतो.

१२/ सर्व झोपल्यावरही सुमारे ५० मिलिअँपिअरपर्यंतचा खर्च सामान्यतः निर्दोष मानला जातो. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. २५ मार्च २०२० पासून भारतात २१ दिवसांची टाळेबंदी लागू झाली. तेवढ्या काळात हा 'निर्दोष' खर्च २५ अँपिअर-तासांवर जातो, आणि लहान मोटारीची बॅटरी असते ३५ ते ४५ अँपिअर-तासांची. पुढे टाळेबंदी लांबतच गेली. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या सुरू झाल्या नाहीत, त्यात अनेकींचा कोणताही बिघाड नव्हता.

१३/ तपासाचा क्रम या इतिहासातूनच ठरतो. प्रथम बॅटरीची चौकशी: ती पूर्ण भरावी, गाडीपासून सोडवून एक-दोन रात्री ठेवावी. भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. न जोडताही तो झपाट्याने घसरला, तर ग्लॅडस्टन आणि ट्राइब यांनी वर्णिलेली गळती, अथवा आतला एखादा बिघडलेला सेल, हेच कारण. दाब टिकला, तर बॅटरी निर्दोष आणि गाडी संशयित.

१४/ मग बॅटरीचे ऋण टोक सोडून मीटर त्या वाटेत जोडावा. मीटर १० अँपिअरच्या मापावर असावा आणि तो जोडलेला असताना स्टार्टर मुळीच फिरवू नये. दारे बंद, किल्ली दूर. संगणक झोपेपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबावे. ही प्रतीक्षा टाळल्याने अनेक निर्दोष भाग दोषी ठरतात. त्यानंतरही आकडा मोठा असेल, तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजने आकडा कोसळेल, त्याच वाटेवर गुन्हेगार: दिवा, चिकटलेला रिले, अथवा मागाहून बसवलेला अलार्म वा डॅशकॅम.

१५/ एकाही फ्यूजने फरक पडला नाही, तर अल्टरनेटरची जाड तार सोडून पाहावी, कारण ती बहुधा नेहमीच्या फ्यूजपेटीतून जात नाही. आकडा तेव्हा उतरला, तर डायोड सापडला. १९६० पूर्वीचा मेकॅनिक याच जागी कटआउटची टोके घासत बसला असता.

१६/ उशीर मात्र महाग पडतो. उतरलेल्या बॅटरीत शिशाच्या सल्फेटचे स्फटिक कठीण होत जातात आणि मग ती पूर्वीइतकी भरत नाही. दर सहा महिन्यांनी नवी बॅटरी घेणारा मालक एका जळत्या दिव्याची किंमत पुन्हा पुन्हा चुकवत असतो. खरेदीपूर्वी एक रात्र आणि एक मीटर एवढाच खर्च केला, तर तो दिवा सापडतो. (समाप्त)