मूळचा कुठचा? : लुईस मोंती आणि दोन राष्ट्रांचे नागरिकत्व



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी फुटबॉलपटूचा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु भातकापणी झाली की मोकळ्या शेतांत गोलाचे खांब उभे राहतात अशा या गोमंतभूमीत फुटबॉलविषयी बोलण्यासाठी वेगळी सबब द्यावी लागू नये. शिवाय ज्या माणसाची कथा मी सांगणार आहे ती केवळ खेळाची नाही. माणूस कोणाचा, हे कोण ठरवते, हा प्रश्न त्या कथेच्या पोटात आहे; आणि तो प्रश्न आज गोव्यातल्या कितीतरी घरांत जेवणाच्या पानावर बसलेला आहे.

दोन मराठी माणसे परमुलखात भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आपण मूळचे कुठचे?" इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर येथे पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेली कुटुंबे आडनावाच्या शेवटी 'कर' लावून एखादे कोकणातले वा देशावरचे गाव अजून वागवीत असतात, त्या गावची पायवाट घरातल्या कोणी पाहिलेली नसली तरी. गोव्यातून बाहेर पडलेली घराणी कुलदेवतेच्या नावाने परत येतात. इटालियन भाषेत अशा माणसाला 'ओरिउंदो' म्हणतात. उगवणे, उद्भवणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द आला. मराठीत त्याला 'मूळचा' याहून नेमका प्रतिशब्द मला सुचत नाही. लुईस मोंती हा असा ओरिउंदो होता.

त्याचा जन्म १५ मे १९०१ रोजी ब्यूनोस आयरिस येथे, इटलीतून आलेल्या वंशात झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लक्षावधी इटालियन माणसे दारिद्र्याला कंटाळून अर्जेंटिनात उतरत होती. १९१४ च्या जनगणनेत त्या देशातील सुमारे ३० टक्के रहिवासी परदेशात जन्मलेले होते, आणि त्यांत इटालियनांचा वाटा सर्वांत मोठा होता. अर्जेंटिनाचा कायदा भूमीचा : जो या मातीवर जन्मला तो आमचा. इटलीचा कायदा रक्ताचा : १९१२ च्या नागरिकत्व कायद्यानुसार इटालियन पित्याचे मूल परदेशच्या भूमीवर जन्मून तिथले नागरिक ठरले, तरी स्वतःहून त्याग करीपर्यंत ते इटालियनच राहात असे. म्हणजे मोंतीसारख्या मुलाच्या पाळण्यावर दोन राष्ट्रांनी हक्क सांगितला होता. त्याने दुसरे नागरिकत्व मागितले नव्हते. ते त्याच्याबरोबर जन्मले होते.

मोंती 'सेंटर हाफ' म्हणून खेळे. आज आपण ज्याला मिडफिल्डर म्हणतो त्याचे हे जुने नाव. त्या काळच्या रचनेत दोन बचावपटू, तीन मधले आणि पाच आघाडीचे असत. मधल्या तिघांतील मधला जो, त्याच्यावर दोन्ही ओझी पडत : प्रतिपक्षाचा हल्ला मोडायचा आणि आपल्या हल्ल्याला आरंभ करून द्यायचा. मोंती अंगाने दणकट, पायाने कठोर, पण त्याच वेळी अचूक पास देणारा होता. मैदान तो इतके व्यापी की त्याला 'दुप्पट रुंद' अशा अर्थाचे टोपणनाव पडले. सान लोरेंझो या संघाबरोबर त्याने १९२३, १९२४ आणि १९२७ या वर्षी अर्जेंटिनाचे अजिंक्यपद मिळवले. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाने रौप्यपदक जिंकले. उरुग्वेविरुद्ध पुन्हा खेळवाव्या लागलेल्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचा एकमेव गोल मोंतीचा होता. १९३० मध्ये पहिला विश्वचषक भरला, तेव्हा १५ जुलै रोजी फ्रान्सविरुद्ध त्याने फ्री किकवर केलेला गोल हा विश्वचषकाच्या इतिहासातील अर्जेंटिनाचा पहिला गोल ठरला.

३० जुलै १९३० रोजी माँतेव्हिदेओ येथे उरुग्वे आणि अर्जेंटिना यांचा अंतिम सामना झाला. दोन शेजाऱ्यांत विश्वास एवढाच होता की चेंडू कोणाचा वापरावा यावरही एकमत होईना. अखेर पूर्वार्ध एकाच्या चेंडूने आणि उत्तरार्ध दुसऱ्याच्या चेंडूने खेळवला गेला. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ असा पुढे होता, शेवटी ४-२ असा हरला. सामन्यापूर्वी मोंतीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या आणि त्या दिवशी तो नेहमीसारखा खेळला नाही, असे त्या स्पर्धेचे बहुतेक इतिहासकार नोंदवतात. पराभवानंतर मायदेशी दोष द्यायला एक माणूस लागतो. मोंतीच्या वाट्याला ते काम आले.

आता दृष्टी इटलीकडे वळवू. १९२६ च्या व्हिआरेज्जो सनदेने मुसोलिनीच्या राजवटीत इटालियन फुटबॉलची फेररचना झाली. या सनदेने परदेशी खेळाडूंना टप्प्याटप्प्याने दारे बंद केली. तोवर ऑस्ट्रिया व हंगेरीतील अनेक उत्तम खेळाडू इटलीत खेळत होते. त्यांना जावे लागले. रिकाम्या जागा भरायच्या कोणी? संघांच्या मालकांनी दक्षिण अमेरिकेकडे पाहिले. तिथे जन्मलेला इटालियनाचा मुलगा कायद्याने परदेशी नव्हता! ज्या दाराने हंगेरियन बाहेर गेला, त्याच दाराने अर्जेंटिनी आत आला, फक्त पाटीवरची अक्षरे बदलली. दुसरीकडे, अर्जेंटिनात खुले व्यावसायिक फुटबॉल १९३१ पर्यंत सुरू झालेले नव्हते. पैसे मिळत, पण टेबलाखालून. इटलीत उघड आणि भरघोस मोबदला होता. ऑलिंपिकमधला मोंतीचा सहकारी राइमुंदो ओर्सी आधीच तुरिनच्या युव्हेंटस संघात गेला होता. १९३१ मध्ये तिशी गाठलेला मोंतीही तिथेच पोहोचला.

आला तेव्हा त्याचे शरीर सुटलेले होते. कसून मेहनत करून त्याने ते पूर्ववत केले. युव्हेंटसने १९३१-३२ ते १९३४-३५ अशी सलग चार वर्षे इटलीचे अजिंक्यपद त्याच्यासह जिंकले. राष्ट्रीय संघाचा सूत्रधार व्हित्तोरिओ पोत्झो याने १९३२ पासून त्याला इटलीच्या निळ्या सदऱ्यात उतरवले. १९३४ चा विश्वचषक इटलीतच भरला. मिलान येथील उपांत्य सामन्यात ऑस्ट्रियाचा अप्रतिम खेळाडू माथियास सिंडेलार याला मोंतीने जखडून ठेवले आणि इटलीने १-० असा विजय मिळवला. गोल करणारा एन्रिके ग्वाइता हाही अर्जेंटिनातच जन्मलेला. १० जून १९३४ रोजी रोममधील अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध इटली मागे पडली असता बरोबरीचा गोल ओर्सीने केला, आणि जादा वेळात आंजेलो स्कियाव्हिओच्या गोलने इटली २-१ अशी जगज्जेती ठरली. त्या अकरा जणांत मोंती, ग्वाइता आणि ओर्सी हे तिघे अर्जेंटिनाच्या मातीत जन्मलेले होते. याच स्पर्धेत खुद्द अर्जेंटिनाचा हौशी खेळाडूंचा दुबळा संघ पहिल्याच सामन्यात स्वीडनकडून हरून परतला होता.

पुरुषांच्या विश्वचषकाच्या दोन अंतिम सामन्यांत दोन वेगळ्या देशांकडून खेळलेला मोंती हा एकमेव खेळाडू आहे. पहिल्या सामन्यात जिंकलो असतो तर प्राण गेला असता आणि दुसऱ्यात हरलो असतो तर गेला असता, अशा आशयाचे एक वाक्य त्याच्या नावावर सांगितले जाते. इतके बेतशीर वाक्य माणसाच्या तोंडून निघते की ऐकणाऱ्यांच्या तोंडी घडते, याविषयी इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध असावे. मात्र त्यातील भयाचे चित्र त्या काळाशी विसंगत नाही.

त्याच वर्षी १४ नोव्हेंबर रोजी लंडनच्या हायबरी मैदानावर इंग्लंडशी सामना झाला. आरंभीच टेड ड्रेकशी झालेल्या धडकेत मोंतीच्या पायाचे हाड मोडले. बदली खेळाडू उतरवण्याची सोय त्या काळी नव्हती. मधला खांब ढासळल्यावर इंग्लंडने बारा मिनिटांत तीन गोल केले; दहा जणांच्या इटलीने उत्तरार्धात मेआत्साच्या दोन गोलांनी झुंज दिली, पण ३-२ असा पराभव झाला. मोंती किती मोलाचा होता हे त्याच्या अनुपस्थितीने सांगितले. अर्जेंटिनाकडून १६ आणि इटलीकडून १८ असे त्याचे आंतरराष्ट्रीय सामने झाले. जणू तराजूची दोन पारडी!

श्रोतेहो, येथवरची कथा पराक्रमाची झाली. आता तिची दुसरी बाजू. परदेशात जन्मलेल्यांना संघात घेतल्याबद्दल टीका झाली तेव्हा पोत्झोने दिलेला युक्तिवाद प्रसिद्ध आहे : हे तरुण इटलीच्या सैन्यात भरती होण्यास पात्र आहेत; जे इटलीसाठी मरू शकतात ते इटलीसाठी खेळूही शकतात. ऐकायला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु एका वर्षातच त्याची कसोटी लागली. १९३५ च्या सप्टेंबरात ॲबिसिनियावरील आक्रमणाची तयारी चालू असता, सैन्यात ओढले जाण्याच्या भीतीने रोमा संघातील ग्वाइता, स्कोपेली आणि स्तान्यारो हे तिघे अर्जेंटिनी इटली सोडून पळाले. ग्वाइता त्या हंगामात २८ गोल करून इटलीतला सर्वाधिक गोल करणारा ठरला होता. काल ज्याला डोक्यावर घेतले त्याची आज पळपुटा म्हणून निंदा झाली. दुसऱ्याच्या देशावर चालून जाण्यास नकार देणे हा गुन्हा की शहाणपण, हे आपण आपल्या मनाशी ठरवावे. माझ्या मते रक्ताच्या नात्याचा दाखला देऊन राज्यसत्तेने जे दिले होते, त्याची किंमत ती रक्तातच मागत होती.

आणि रक्ताचा हा सिद्धांत एवढ्यावर थांबला नाही. आर्पाद वाइस नावाचा एक हंगेरियन ज्यू प्रशिक्षक त्याच वर्षांत इटलीत होता. १९२९-३० मध्ये मिलानच्या आंब्रोझियाना संघाला आणि १९३५-३६ व १९३६-३७ मध्ये बोलोन्याला त्याने अजिंक्यपद मिळवून दिले. आयुष्याची उमेदीची वर्षे त्याने इटलीला दिली. १९३८ चे वंशभेदी कायदे आले आणि या माणसाला देश सोडावा लागला. पॅरिसमार्गे तो हॉलंडला गेला. तिथे जर्मन सत्तेने कुटुंबाला पकडले. पत्नी आणि दोन मुले १९४२ मध्ये ऑशविट्झला मारली गेली, वाइसही तेथेच १९४४ च्या जानेवारीत मरण पावला. समुद्रापार जन्मलेल्या मोंतीला ज्या तत्त्वाने एका दिवसात 'आपला' ठरवले, त्याच तत्त्वाने इटलीत राबलेल्या वाइसला एका दिवसात 'परका' ठरवले. रक्त मोजणारी तागडी हाती घेतली की ती कोणाच्या बाजूने झुकेल हे तागडीवाल्याच्या मर्जीवर राहते.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. मोंती इटलीत काही वर्षे प्रशिक्षक होता, नंतर अर्जेंटिनात परतला आणि ९ सप्टेंबर १९८३ रोजी तिथेच वारला. १९६२ च्या विश्वचषकात हंगेरीचा पुष्काश स्पेनकडून आणि ब्राझीलचा आल्ताफिनी इटलीकडून उतरल्यावर जागतिक संघटनेने नियम कडक केले : एका देशाकडून अधिकृत सामना खेळलास की तू त्याचाच. २००४ पासून हे बंधन सैल होत गेले आणि २०२० मध्ये आणखी सवलती आल्या. तथापि दुहेरी मुळांचे खेळाडू कमी झाले नाहीत. २००६ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इटलीच्या मधल्या फळीत अर्जेंटिनात जन्मलेला कामोरानेसी होता; २०२१ मध्ये युरोपचे अजिंक्यपद जिंकणाऱ्या इटलीच्या मधल्या फळीत ब्राझीलमध्ये जन्मलेला जॉर्जिन्यो होता.

आपल्याकडील वाट वेगळी आहे. भारतीय संविधान दुहेरी नागरिकत्व मानीत नाही; परदेशचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे संपते. मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून आणि पुढे पुणे एफसीकडून खेळलेला मधल्या फळीतला खेळाडू अराता इझुमी जपानी आई आणि भारतीय वंशाचे वडील यांचा मुलगा. भारताकडून खेळण्यासाठी त्याला जपानचे नागरिकत्व सोडावे लागले. २०१३ च्या फेब्रुवारीत तो भारताकडून प्रथम मैदानात उतरला. मोंतीला जे जन्मतः दोन्ही हातांत मिळाले, त्यातले एक इझुमीला खाली ठेवावे लागले.

आणि गोवा? १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांना, तसेच त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचा कायदा नागरिकत्वाचे दार उघडे ठेवतो. त्या दारातून हजारो गोमंतकीय युरोपात गेले, आणि जाताना भारताचे नागरिकत्व मागे ठेवून गेले. त्यांच्या घरांना कुलपे आहेत, पण शिगम्याला, फेस्ताला माणसे परततात. कोणी त्यांना देशद्रोही म्हणते, कोणी त्यांचा हेवा करते. मोंतीच्या काळातील इटालियन शेतकरी ज्या कारणाने बोटीत चढला, त्याच कारणाने आजचा गोमंतकीय तरुण विमानात चढतो : काम, मोबदला आणि मुलांचे भवितव्य.

मोंतीच्या कथेतून मी एवढेच शिकलो आहे. नागरिकत्व हा राज्यसत्तेने लिहिलेला कागद आहे. तो महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या अभावी वाइससारख्या माणसाचा जीव जातो. परंतु माणसाच्या निष्ठेचे मोजमाप त्या कागदावर होत नाही. मोंतीने दोन्ही देशांना घाम दिला, एकाला आपला पायही दिला. बोटावर मोजण्याइतके दिवस सोडले तर दोन्ही देशांनी त्याला जिंकण्यापुरतेच आपले म्हटले. विद्यार्थी मित्रहो, या शाळेतून तुम्ही उद्या लिस्बनला जाल, लंडनला जाल, बेळगावला वा पुण्याला जाल. कोणी विचारील, "मूळचे कुठचे?" उत्तर अवश्य द्या, ते अभिमानाने द्या. पण ज्या गावी अन्न खाल त्या गावाचे काम मन लावून करा, आणि तुमच्या दारी उद्या कोणी परका येऊन राबू लागला तर त्याचे मूळ विचारण्याआधी त्याचे काम पाहा.