१७३९ चा धूमकेतू

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी उठाल, तेव्हा क्षणभर पूर्वेकडे मान वर करा. २४ ऑक्टोबरच्या आगेमागे सिंह राशीच्या उत्तरेस, लघुसिंहातून, एखादी उल्का सर्रकन निसटते. तासाला दोन दिसल्या तरी पुष्कळ! वेग मात्र सेकंदाला ६२ किलोमीटर.

मॅक्क्रॉस्की व पोझेन यांनी १९५९ साली हार्वर्डच्या छायाचित्रांवरून हा वर्षाव ओळखला. या उल्कांची वाट जुळते ती बोलोन्याच्या झानोटीने २८ मे १७३९ रोजी शोधलेल्या धूमकेतूशी.

मोठा खळबळीचा महिना होता तो! त्याच मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली. दिल्ली लुटून नादिरशहा परत फिरला. आणि त्याच सुमारास आमच्या नागपुरात जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, बांधणारा चांदसुलतान वारला. वलीशहाने गादी बळकावली. विधवा राणी रतनकुंवरने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना बोलावले. रघूजी आले, राणीच्या मुलांना गादीवर बसवून परत गेले. पण वाट पाहून ठेवली. चारेक वर्षांत त्या भावाभावांतच वितुष्ट आले आणि नागपूर भोसल्यांची राजधानी झाले.

धूमकेतू दिसला की राज्य उलथते, असे म्हणणाऱ्यांना याहून सोयीचा दाखला कोणता? पण राणीचा निरोप काही धूमकेतूने नेला नव्हता. मला तर वाटते, घरातला कलहच त्याला पुरेसा होता. शिवाय आज आपल्या डोक्यावर जळणारे कण १७३९ च्या फेरीतले नव्हेतच. तो धुरळा धूमकेतूच्या त्याआधीच्या फेऱ्यांचा. रघूजींहून, बख्तबुलंदाने वसवलेल्या नागपुराहूनही जुना.