ज्याचं दुःख, त्याचाच गळा

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आज मला गाणाऱ्या नटाच्या गळ्याविषयी बोलायचं आहे. त्यासाठी रेडिओसारखी दुसरी जागा नाही. इथे रंगभूषा नाही, शालू-शेला नाही, पडदा नाही. माणूस हसतो आहे की हुंदका गिळतो आहे, हे तुम्हाला फक्त आवाजावरून कळतं.

मी सानगडीचा. भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातलं हे गाव. सहानगडचा किल्ला गावाला लागूनच आहे, आणि गावाचं नावही त्या गडावरूनच पडलं असं आम्ही मानतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या आमच्या मुलुखाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीत धान घरी येऊ लागतं आणि गावोगाव मंडई भरते. मंडई म्हटली की रात्री दंडार, खडी गंमत नाहीतर नाटक हवंच. नाटकाचा पडदा रात्री दहाच्या पुढे उघडतो आणि कोंबडा आरवायच्या सुमारास पडतो. थंडी मी म्हणत असते, तरी बायाबापड्या घोंगड्या पांघरून बसलेल्या असतात. एवढी माणसं रात्रभर जागी राहतात ती कशावर? मला विचाराल तर गळ्यावर.

आता एक साधी अडचण पाहा. खरोखर रडणाऱ्या माणसाला गाता येत नाही. रडू आलं की गळा आवळतो, श्वास तुटक होतो, सूर हलतो. घरात मृत्यू झाला असताना कुणी तालासुरात गायला लागत नाही. मात्र संगीत नाटकातली नायिका नेमक्या त्याच क्षणी पद म्हणते, आणि आपण तिला हसत नाही, डोळे पुसतो. हे कसं होतं?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात वाचिक अभिनयाचा बारकाईनं विचार आहे. आवाज छातीतून, कंठातून की मस्तकातून काढायचा, तो उच्च की नीच, द्रुत की विलंबित, हे तिथे सांगितलं आहे. त्याच शब्दांचा अर्थ आवाजाच्या वळणानं बदलतो, त्याला काकू म्हणतात. ‘तू आलास’ हे तीन सुरांत म्हणून पाहा: एकदा स्वागत होतं, एकदा शंका, एकदा तक्रार. शिवाय आठ सात्त्विक भावांत घाम, रोमांच, अश्रू यांच्या जोडीला स्वरभेदही आहे. स्वरभेद म्हणजे भावनेनं आवाज फुटणं. म्हणजे आवाज फुटतो हे शास्त्रकारांना ठाऊक होतं. नटानं तो किती फुटू द्यायचा, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीनं आपापल्या परीनं सोडवला.

मराठी रंगभूमीनं तो कसा सोडवला, ते पाहू. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या नाटकांत पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आयत्या वेळी सुचेल तसं बोलायची. दुःख सीतेचं, गळा सूत्रधाराचा. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांनी पारशी मंडळीची ‘इंद्रसभा’ पाहिली आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. त्यात शकुंतलेची पदं शकुंतला आणि दुष्यंताची पदं दुष्यंत म्हणू लागला. ज्याचं दुःख, त्याचाच गळा! आज आपल्याला ही गोष्ट साधी वाटते. पण तिनं नटापुढे मोठं संकट उभं केलं. सूत्रधाराला रडायचं नव्हतं, तो खुशाल गाऊ शकत होता. आता ज्यानं रडायचं त्यानंच गायचं होतं, तेही माईक नसताना, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवत.

बालगंधर्वांनी या संकटातून जी वाट काढली ती अजून अभ्यासण्यासारखी आहे. १९२० साली ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं. लेखक राम गणेश गडकरी त्याआधीच, २३ जानेवारी १९१९ रोजी, आमच्या विदर्भातल्या सावनेरला निवर्तले होते. त्यातली सिंधू ही दारूड्या नवऱ्यापायी धुळीला मिळणारी बाई. बालगंधर्वांचं जे ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळतं, ते कान देऊन ऐका. हुंदका सुरात नाही. सूर जागच्या जागी, लयीत घट्ट बसलेला आहे. दुःख आहे ते शब्दात. एखाद्या अक्षरावर ते किंचित रेंगाळतात, एखादं हळूच सोडून देतात, छोटी मुरकी घेऊन पुन्हा शब्दावर येतात. नटानं आपला गळा सांभाळला म्हणून ऐकणाऱ्याचा दाटून येतो. तो स्वतःच मोकळेपणी रडला असता तर आपल्याला त्याची दया आली असती, पण सिंधूचं दुःख आपल्यापर्यंत पोचलं नसतं.

दुसरी गोष्ट गद्याची. बोलता बोलता गाणं सुरू करणं ही संगीत नाटकातली सगळ्यात अवघड जागा. ऑर्गननं सूर धरलेला असतो. चांगला नट पदाच्या आधीची दोन-तीन वाक्यं त्या सुराच्या आसपास नेऊन ठेवतो. मग बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं हे कळत नाही. ज्याला हे जमत नाही तो बोलणं थांबवतो, खाकरतो आणि गायला लागतो. तिथे नाटक मरतं.

नटाच्या खऱ्या दुःखाचं काय? १२ मार्च १९११ रोजी मुंबईत खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग झाला. ‘मानापमान’ हे हसतंखेळतं नाटक. श्रीमंतीच्या तोऱ्यात वावरणारी भामिनी त्यांनी त्या रात्री उभी केली, गोविंदराव टेंब्यांच्या चाली गायल्या. ही गोष्ट आपण निष्ठेचं उदाहरण म्हणून सांगतो, ते योग्यच आहे. मला त्यात आणखी एक दिसतं. त्या रात्री त्यांच्या गळ्यानं त्यांचं स्वतःचं दुःख आत ठेवलं आणि भामिनीचा तोरा बाहेर काढला. पोटात एक आणि कंठात दुसरं, हे ज्याला साधलं त्याच्यापाशीच सिंधूचं रडू गाण्याचं बळ येतं.

युरोपातल्या ऑपेरात नेमका हाच प्रसंग नाटकाचा विषय झाला आहे. ऑपेरा म्हणजे जवळजवळ संपूर्ण गाऊन केलेलं नाटक. १८९२ साली मिलान शहरात लिऑनकव्हालोचा ‘पॅलियाची’ हा ऑपेरा प्रथम झाला. गावोगाव फिरणाऱ्या मंडळीतला विदूषक. बायको दुसऱ्यावर जीव लावते हे त्याला कळतं, आणि तरी तोंडाला रंग लावून लोकांना हसवायला उभं राहावं लागतं. एन्रिको कारुसो या गायकानं त्यातलं गाणं अजरामर केलं. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची ध्वनिमुद्रणं निघाली, आणि कारुसोचा हुंदका जगभर गाजला. पुढे अनेकांनी त्याची नक्कल केली, इतकी की हुंदक्यानं गाणं बुडू लागलं. मंडळी, ही तक्रार आपल्या ओळखीची आहे.

कारण आपल्याकडेही नाटक बुडालंच; फक्त हुंदक्याऐवजी तानेनं आणि ‘वन्समोअर’नं. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झालं. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. एकाचा गळा तळपत्या तलवारीसारखा, दुसऱ्याचा मऊ रेशमी. पण अशा गळ्यांच्या मोहात लोक एकेक पद पुन्हा पुन्हा म्हणवून घेऊ लागले. मरायला टेकलेली नायिका टाळ्या पडल्या की पुन्हा पहिल्यापासून गाणार! नाटकाची मैफल झाली. ऐकणाऱ्यांनी गळ्यावर एवढं प्रेम केलं की त्या गळ्यात कुणाचं दुःख आहे, हेच ते विसरले. मग १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला, मराठी बोलू लागलेल्या पडद्यानं प्रेक्षक ओढून नेला. पुढे सिनेमात पार्श्वगायन रुळलं आणि दुःख एकाचं, गळा दुसऱ्याचा, हा भाव्यांच्या काळचा न्याय पुन्हा लागू झाला.

तरीही हा धागा तुटला नाही. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ च्या डिसेंबरात रंगभूमीवर आलं. अभिषेकीबुवांचं संगीत, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत मूर्तिजापुरात जन्मलेले डॉ. वसंतराव देशपांडे. त्यांची तान ऐकताना आपल्याला गाणंही ऐकू येतं आणि खाँसाहेबांचा अहंकार, त्यांची जळफळही. तिथे तान हाच संवाद होता.

आणि आमची झाडीपट्टी? वडसा म्हणजे देसाईगंजला नाटक मंडळ्यांची कार्यालयं थाटली जातात. गावातली मंडळं तिथे जाऊन नाटक ठरवतात. आज सानगडीकडे, उद्या अर्जुनीकडे, परवा आणखी कुठे, असा हंगामभर प्रवास. नाटकं बहुतेक कौटुंबिक: सासू-सून, भावाभावांची वाटणी, दारू, कर्ज. यात आता माईक आले, लावणीची धामधूम आली, पण ऑर्गन-तबल्याच्या साथीवर नटानं आपलं पद आपणच म्हणायचं, ही चाल टिकून आहे. २०२० साली करोनामुळे हंगाम बुडाला, तेव्हा कलावंतांची चूल थंड पडली. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हाला आमच्याच घरात दिवा लागल्यासारखं वाटलं.

शहरातला पाहुणा ही नाटकं पाहून कधी कधी म्हणतो, फार भडक आहे हो. थोडं खरं आहे. पण हजारो माणसं, उघडं आभाळ, कडेला लहान मुलांची रडारड आणि पानठेल्यांचा गलबला. तिथे कुजबुजून भागत नाही. भाव मोठा करावा लागतो. प्रश्न एवढाच की मोठा करताना तो खोटा होतो का. मी बसून बसून एक खूण धरली आहे. कच्चा नट दुःखात ओरडतो आणि पेंडॉल गप्प राहतो. पक्का नट उंच स्वरात गात गात येतो आणि नेमक्या शब्दाला आवाज खाली घेतो. त्या क्षणी चहावालासुद्धा किटली हातात धरून थांबतो.

हा गळा स्वस्त नाही. रात्रभर गायचं, पहाटे गाडीत मान टाकून झोपायचं, दुसऱ्या रात्री पुन्हा गायचं. थंडी, धूळ, जागरण. बसलेल्या घशाला सुट्टी नाही, कारण सुपारी घेतलेली असते. मोठ्या शहरातल्या गायकाचा कार्यक्रम पुढे ढकलता येतो. मंडईची तारीख ढकलता येत नाही.

म्हणून माझी एक विनंती. या हंगामात झाडीपट्टीतलं एखादं नाटक पाहायला या. पुढची जागा मिळाली नाही तरी चालेल. नायिकेचं पद जवळ आलं, ऑर्गननं सूर धरला, की क्षणभर डोळे मिटा. पदाच्या आधीची शेवटची दोन वाक्यं ऐका आणि पहिल्या शब्दाआधी ती श्वास कुठे घेते, तेवढं ऐका.