गावच्या घरी इंटरनेट : जोडणीइतकेच महत्त्व कुलपालाही

वडीगोद्री (जि. जालना) : जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता वडीगोद्री येथे सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गाला मिळतो. दिवाळी किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली की पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर येथे स्थायिक झालेली कुटुंबे या परिसरातील आपापल्या गावी परततात. पूर्वी हा मुक्काम चार-आठ दिवसांचा असे. आता अनेकांना कार्यालयीन काम घरून करता येत असल्याने तो महिनाभराचाही होऊ शकतो. घरातील वृद्धांच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. मात्र गावच्या घरी इंटरनेट चालले नाही, तर तिसऱ्याच दिवशी बॅगा पुन्हा भराव्या लागतात.

अशा वेळी बहुतेक जण 'वेग किती मिळेल' हा प्रश्न आधी विचारतात. हंगामी घराच्या बाबतीत मात्र त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. घराला कुलूप असेल त्या महिन्यांत या जोडणीचे काय होणार, हे आधी ठरवले तर योग्य पर्याय निवडणे सोपे जाते.

तांब्याच्या तारेपासून फायबरपर्यंत

देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. बीएसएनएलची 'डेटावन' ब्रॉडबँड सेवा २००५ मध्ये आली. ती दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवर अवलंबून होती. केंद्रापासून काही किलोमीटर दूर गेले की वेग घटत असे, त्यामुळे वाड्या-वस्त्या आणि शेतातील घरे तिच्या कक्षेबाहेर राहिली. काचेच्या तंतूतून प्रकाशाद्वारे संदेश नेणाऱ्या फायबरने ही मर्यादा बरीच कमी केली. घराघरात दिली जाणारी फायबर सेवा केंद्रापासून सुमारे २० किलोमीटरपर्यंत पोहोचू शकते.

ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याच्या योजनेला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. परंतु ग्रामपंचायतीत फायबर आले म्हणजे प्रत्येक घरात जोडणी मिळेल, असे नाही. तेथून घरापर्यंत तार ओढणारा आणि बिघाड झाल्यास दुरुस्तीला येणारा स्थानिक माणूस असावा लागतो. म्हणूनच कोणत्याही जाहिरातीपेक्षा शेजारच्या घरात कोणाची सेवा चालते आणि तार तुटल्यावर ती किती दिवसांत जोडली जाते, ही चौकशी अधिक उपयोगाची ठरते.

मुक्काम किती, त्यावर पर्याय

आई-वडील वर्षभर गावीच राहत असतील, तर फायबर जोडणी घेणे सर्वांत सोयीचे. तिचा उपयोग बाराही महिने होतो. वर्षातून तीन-चार महिने घर उघडे राहत असेल, तर फायबर किंवा एअरफायबर घ्यावे. मात्र मधल्या काळात सेवा तात्पुरती स्थगित ठेवता येते का, हे आधी विचारावे. काही कंपन्या ही सोय 'सेफ कस्टडी' या नावाने देतात. तिची मुदत, शुल्क आणि पुन्हा सुरू करण्याची पद्धत लेखी घ्यावी.

एअरफायबर सेवा एअरटेल व जिओ यांनी २०२३ मध्ये सुरू केली. यात घरावर बसवलेले यंत्र मनोऱ्याकडून ५जी लहरी घेते आणि घरात वायफाय पुरवते. तार ओढावी लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. मात्र त्या ठिकाणी ५जी पोहोचते की नाही, याची खातरजमा आधी करावी. जोडणीसाठी शुल्क असते आणि दीर्घ मुदतीचे पैसे आगाऊ भरल्यास ते माफ होण्याची शक्यता असते. दोन महिन्यांच्या वास्तव्यासाठी वर्षाचे पैसे भरण्याचा मोह येथेच होतो, तो टाळावा.

मुक्काम केवळ पंधरा-वीस दिवसांचा असेल, तर सिमकार्डावर चालणारा राऊटर पुरेसा ठरतो. कोणत्या कंपनीचे सिम घ्यावे, हे मात्र घरात उभे राहूनच ठरवावे लागते. जाड भिंतींच्या जुन्या घरात लहरी अडतात. राऊटर माळवदावर किंवा मनोऱ्याच्या दिशेच्या खिडकीत ठेवल्यास लक्षणीय फरक पडतो. एका तासाच्या व्हिडिओ बैठकीला साधारणतः एक ते दोन जीबी डेटा लागतो. त्यामुळे दिवसाला दीड-दोन जीबी देणारी योजना कार्यालयीन कामासाठी अपुरी पडते.

कागदपत्रांची अडचण

गावच्या घराचे वीजबिल अनेकदा आजोबांच्या नावावर असते आणि अर्जदाराच्या आधार कार्डावर शहरातील पत्ता असतो. अशा वेळी गावी राहणाऱ्या सदस्याच्या नावे जोडणी घेणे सोपे पडते. ते शक्य नसल्यास घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा चालेल का, हे निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून विचारून घ्यावे. गावी पोहोचल्यानंतर या शोधात पहिला आठवडा सहज निघून जातो.

वीज, विजा आणि बंदी

वीज गेली की फायबरचे यंत्र आणि राऊटर दोन्ही बंद पडतात. ही यंत्रे अत्यल्प वीज घेतात, त्यामुळे त्यांच्यासाठी मिळणारा लहान यूपीएस दोन-तीन तास सहज चालतो. यंत्रावरील 'एलओएस' हा लाल दिवा लागला, तर दोष बहुधा तारेत असतो. राऊटर वारंवार बंद-चालू करून उपयोग होत नाही.

मराठवाड्यात मॉन्सूनपूर्व पावसात आणि परतीच्या पावसात विजा मोठ्या प्रमाणावर पडतात. काचेच्या तंतूतून वीज वाहत नसली तरी यंत्राचा प्लग घरातील विजेला जोडलेला असतो. गडगडाट सुरू होताच तो काढून ठेवावा.

आणखी एक बाब अंबड तालुक्याने अनुभवली आहे. मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट सेवा काही काळ बंद ठेवण्यात आली होती. अशा प्रसंगी दुसऱ्या कंपनीचे सिमही कामी येत नाही. महत्त्वाची कागदपत्रे संगणकात उतरवून ठेवणे आणि कार्यालयाला संपर्कासाठी दूरध्वनी क्रमांक देऊन ठेवणे, एवढीच खबरदारी हाती राहते.

कुलूप लावण्यापूर्वी

परतण्याच्या दिवशी सर्व प्लग काढावेत आणि आपोआप पैसे कापले जाण्याची सोय थांबवावी. सेवा स्थगित किंवा बंद करण्याचा अर्ज देऊन त्याचा क्रमांक जपून ठेवावा. यंत्र कंपनीचे असेल तर ते परत केल्याची पावती घ्यावी. अनामत रक्कम त्यावरच मिळते. तक्रार असल्यास ती कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवावी. तेथे निराकरण न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

सिमकार्ड कपाटात ठेवून जाणाऱ्यांनी एक नियम ध्यानात घ्यावा. ट्रायच्या २०१३ च्या नियमांनी प्रीपेड क्रमांकाला वापराविना ९० दिवसांचे संरक्षण दिले आहे. त्यानंतर तो बंद होऊ शकतो. उन्हाळ्यात ठेवलेले सिम दिवाळीला चालत नाही, ते बहुधा यामुळेच. ते सोबत शहरात न्यावे आणि अधूनमधून वापरावे. पुढच्या सुट्टीत घर उघडल्यावर पहिला दिवस मग जोडणीच्या शोधात जात नाही, घरच्या माणसांसोबत जातो.